सामिसोनीची वाटणी

लेसिएलीच्या हातची वाटणी म्हटली की कुणाला बोट ठेवायला जागा नसे. ज्वालामुखीची राख पडली त्या वर्षी छपरांवरून टाक्यांत उतरणारं पाणी करडं झालं, आणि परदेशी जहाजातून आलेले पाण्याचे कॅन चर्चच्या हॉलमध्ये रचून ठेवले गेले. ते वाटायचे कसे, यावर पुरुषमंडळी कावा या पेयाच्या वाडग्याभोवती बसून खल करत राहिली. लेसिएलीनं मान म्हणून कमरेला गुंडाळतात ती चटई आवळली, देवाचं नाव घेतलं आणि वाटून मोकळी झाली. पाद्रीबाबांच्या घरी जेवढं, तेवढंच गावाच्या टोकाला राहणाऱ्या पांगळ्या म्हातारीच्या घरी. तेव्हापासून मासळी असो, तांदूळ असो, बायकांनी मिळून कुटलेलं सालीचं कापड असो, वाटायला तिलाच बोलावत. तीही जाई. देवानं नवरा दिला आणि लवकर नेला, मूल दिलं नाही, पण नजर दिली, असं ती म्हणे, आणि त्यात तक्रारीचा सूर नसे.

टोंगातल्या हिहिफोकडच्या त्या गावात तिचं घर आणि तिचा पाठचा भाऊ केलेपी याचं घर, यांच्यामध्ये एक नीरफणसाचं झाड आणि एक कुंपण एवढंच अंतर. पण कळते झाल्यापासून दोघं एका छपराखाली झोपली नव्हती, टीव्हीच्या एका पडद्यासमोर बसली नव्हती आणि एकमेकांशी थट्टेचा शब्द बोलली नव्हती. टोंगात बहिणीचा मान वरचा, थोरलीचा तर फारच वरचा. भाऊ काही सांगायचं तर मुलांकरवी सांगतो. शेतातलं पहिलं कोनफळ बहिणीच्या दारात जातं. नव्या पिढीत हे पुष्कळ सैल झालंय, पण केलेपी जुन्या वळणाचा माणूस होता.

इतका जुन्या वळणाचा, की बहिणीला बोलण्याची चोरी. एकदा कुंपणाजवळून जाताना, तुमचं डुक्कर छान भरलंय, असं ती सहज म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डुक्कर तिच्या दारातल्या खुंटाला बांधलेलं. छपराला निळा रंग बरा दिसतो, असं कधीतरी बोलून गेली, तर केलेपीनं अर्धं हिरवं रंगवून झालेलं छप्पर खरवडून निळं केलं. म्हणून लेसिएली भावाच्या घराबद्दल बोलताना शब्द तोलून टाकायला शिकली होती. सामिसोनीच्या वेळी मात्र तिला ते सुचलं नाही.

त्या वर्षी केलेपी शेतावर जायचा थांबला. पायाला लागलंय, एवढंच तिच्या कानावर आलं. काय लागलंय, कुठे, किती, हे बहिणीनं विचारायचं नसतं. अंगाच्या गोष्टी बहीणभावांत निघत नाहीत. केलेपीची बायको सुनेच्या बाळंतपणासाठी ऑकलंडला गेलेली. घरात तो आणि त्याची मुलगी फाने. फाने तिशी ओलांडलेली, बेकरीत सकाळपाळी करणारी आणि तोंडाने फटकळ. तिचं नाव आत्यानंच ठेवलेलं, तिच्या भावाचं, लोपेतीचंही. लोपेतीनं ऑकलंडहून पिंप भरून पाठवलं, तेव्हा डबाबंद मांस, साबण आणि टॉवेलांच्या खाली एक गेमचं यंत्र निघालं. घरात बसून बाबांचं डोकं फिरेल, निदान हे खेळतील, असा त्याचा निरोप होता.

गेम होता जग जळून गेल्यानंतरचा. शहरं पडलेली, विहिरी नासलेल्या, उरलीसुरली माणसं पत्र्याच्या झोपड्यांत. त्यात आपण एक माणूस घ्यायचा आणि तो जगवायचा. मागे स्वतःच्या अंगणातली राख झाडलेल्या लोकांना ही कसली करमणूक, असं फानेला वाटलं. केलेपीला मात्र आवडला. अंगणात काय काय करावं लागलं होतं ते त्याला ठाऊक होतं, त्यामुळे त्या गेममधल्या लोकांची त्याला कीवही आली असेल.

खेळ सुरू करायला त्या माणसाचं नाव लागत होतं. घरात नवा माणूस आला की नाव आत्यानं ठेवायचं. केलेपीनं फानेला कुंपणापलीकडे पाठवलं.

लेसिएली ओट्यावर केतकीच्या पानांच्या पट्ट्या ओढत बसली होती. कुणाच्या घरचा माणूस, असं तिनं विचारलं. कुणाच्याच नाही, विजेचा आहे, असं फानेनं सांगितलं. जळलेल्या जगात एकटा हिंडायचं तर अंगात दम हवा, असा विचार करून लेसिएलीनं नाव दिलं सामिसोनी. बायबलातल्या त्या माणसाचं नाव, ज्याचं बळ केसांत होतं आणि ज्यानं सिंहाचा जबडा फाडला.

“अजून एक आहे, आत्या. सुरुवातीला गुणांचा एक ढीग मिळतो. तो त्याच्या कसबांत वाटायचा. बळ, नेमबाजी, डॉक्टरी, दुरुस्ती, बोलून पटवणं, कुलपं उघडणं, सौदा, लपणं. बाबा म्हणाले, ताईला विचार.”

“लपणं कशाला? चोर आहे का तो?”

“तिथं लपावं लागतं.”

“मग त्यालाही द्या. सगळ्यांना सारखं. एकाला जास्त दिलं की दुसरं तोंड फुगवून बसतं.”

“आत्या, ही माणसं नाहीत, कसबं आहेत.”

“माणसाच्या आतही भांडणं लागतात बाई,” लेसिएली म्हणाली, आणि पुढची पट्टी ओढायला घेतली.

फानेला थोडंफार कळत होतं. बेकरीतली पोरं असले गेम खेळत. दोन-तीन कसबं निवडायची आणि त्यांवरच गुण ओतायचे, बाकीची कोरडी ठेवायची, तरच माणूस तगतो, हे तिनं ऐकलं होतं. तिनं ते बापाला सांगितलं. केलेपीनं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि सगळ्यांना सारखे गुण देऊन पुढचं बटण दाबलं. ते बटण दाबलं की वाटणी मागे घेता येत नसे.

मग सामिसोनीची जी काही गत झाली ती झाली. बंदूक उचलली की गोळी शेजारच्या दगडाला. कुलपाशी बसला की आत घातलेली काडी मोडायची. बोलायला गेला की समोरचा तोंड फिरवून चालू लागायचा. सौदा करायला गेला तर अंगातला कोट देऊन अर्धी भाकरी घेऊन यायचा. गावाबाहेर पाऊल टाकलं की उंदीर. गेममधले उंदीर रानडुकराएवढे होते हे खरं, पण इतरांना ते खेळाच्या पहिल्याच दिवशी जमतात आणि मग कुणी त्यांच्याकडे बघतही नाही. केलेपी आठवड्यामागून आठवडे उंदरांशी लढत होता. सामिसोनी मेला की शेकोटीपाशी पुन्हा उठायचा, पुन्हा निघायचा. रविवार सोडला तर रोज. केलेपी एका शब्दानं कुरकुरला नाही.

हे लेसिएलीला कळलं ते साल कुटायच्या पडवीत. बायका ओळीनं बसल्या होत्या, लाकडी मोगऱ्यांचे ठोके पडत होते, आणि हातांबरोबर तोंडंही चालली होती. कुणीतरी केलेपीची चौकशी केली, तर फाने बोलून गेली की बाबांच्या सामिसोनीला आज परत उंदरांनी खाल्लं. पडवी हसली. सिंह फाडणाऱ्याला उंदीर पुरले का, असं एकीनं विचारलं, आणि दुसरीनं त्याचे केस कुणी कापले असतील ते बघा म्हणून सुचवलं. लेसिएलीही हसली. मग तिचा मोगरा थांबला.

“अजून उंदीरच?”

फानेला ते आत्यासमोर बोलायचं नव्हतं. पण आत्यानं विचारलंय म्हटल्यावर सांगणं भाग होतं. सगळ्यांना सारखे गुण दिल्यामुळे तो कशातच पुरा नाही, असं तिनं सांगितलं.

“मग नवा माणूस घ्यायचा. पैसे पडतात का?”

“नाही पडत. पण बाबा म्हणाले, ताईनं दिलं ते दिलं.”

कुणी हसलं नाही. मोगरे पुन्हा सुरू झाले. लेसिएलीच्या डोळ्यांसमोर ते निळं छप्पर आलं.

घरी परतताना फाने तिच्या मागोमाग चालत होती. एवढं बोललेय तर बाकीचंही बोलते, असं म्हणून तिनं खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. बाबांच्या तळव्याला शेतात खिळा लागला होता. साखरेचा आजार जुनाच, जखम भरत नाही, आता दोन बोटं काळी पडायला लागलीयेत. नर्स म्हणते, राजधानीच्या इस्पितळात जा, दोन बोटांवर भागेल. थांबलात तर पाय जाईल, आणि त्यानंतरही थांबलात तर माणूस. बाबा म्हणतात, चर्चचा मेळावा होऊ दे, त्यातलं माझं गाणं होऊ दे, मग बघू. आणि आत्याला सांगायचं नाही अशी ताकीद आहे.

“तुम्ही एक शब्द टाका, आत्या. आई फोनवर रडली, लोपेती ओरडला, नर्स येऊन जाऊन थकली. कुणाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.”

“ऐकेल ना,” लेसिएली म्हणाली. “तीच तर भीती आहे.”

फानेला ते पटलं नाही आणि तिनं ते लपवलंही नाही. लेसिएलीलाही समजावून सांगता आलं नाही. तिनं नुसतं जा म्हटलं असतं तर केलेपी दुसऱ्या दिवशी गेला असता, यात शंकाच नव्हती. डॉक्टरनं बोटं कापली असती, पाय कापला असता, तरी तो हो म्हणाला असता, आणि उरलेला जन्म बहिणीनं दिलेल्या पायावर चालला असता. त्याला स्वतःला काय हवं होतं, हे कुणाला कधीच कळलं नसतं. सामिसोनीच्या बाबतीत उंदीर होते, पुन्हा उठायला शेकोटी होती. इथे तसं काही नव्हतं. पण न बोलावं तर बोटं काळी पडत होती. प्रार्थनेला बसली की तिला एरवी देवाकडे काय मागायचं ते नीट माहीत असे. त्या दिवसांत ती नुसती हात जोडून बसू लागली.

मग एक दिवस तिनं फानेला सांगितलं की मला तो गेम शिकव.

फाने बघतच राहिली. मी बिघडवलाय, मीच नीट करते, एवढंच लेसिएली म्हणाली. खरं तर तिला बघायचं होतं की एकदा चुकलेली वाटणी माणसाच्या अंगातून निघते का.

केलेपीला गाण्याच्या तालमीला न्यायला दुपारी पिकअप येई. तो गेला की ती यायची, तो परतायच्या आत जायची. ती येणार असली की खुर्ची पुसून ठेवलेली असे, खाली नवी चटई अंथरलेली असे, आणि बाजूला तोंड कापलेलं शहाळं. आपण येतो हे त्याला आवडलंय की नुसतं त्यानं सोसलंय, हे काही त्या शहाळ्यावरून कळेना.

खेळायला मात्र ती लवकर शिकली. कंट्रोलर ती जिवंत खेकडा धरावा तसा दूर धरी, आणि उंदरांच्या वाटेला जातच नसे. फाने म्हणे, मारा त्याला, आत्या. ही म्हणे, त्यानं माझं काय केलंय. सामिसोनीला ती झोपडी-झोपडीनं फिरवी, एकीकडचं पाणी दुसरीकडे पोचवी, कुणाची हरवलेली बकरी आणून देई, कुणाचा निरोप सांगे. असल्या कामांचंही गेममध्ये मोल होतं. बरीच झाली की शिंग वाजे, सामिसोनीची पातळी एक पायरी चढे आणि वाटायला नवे गुण मिळत.

पहिल्यांदा शिंग वाजलं तेव्हा फानेचा हात पुढे झाला, कशावर टाकू. लेसिएलीनं थांबवलं.

“राहू दे तसेच. तुझ्या बापाचे आहेत ते. त्याला सांग, हवे तिथे घाल.”

पुढच्या वेळी येऊन पाहते तर गुण तसेच पडलेले, वर आणखी थोडे. केलेपीनंही दरम्यान एक पातळी चढवली होती. ताईनं ठेवलेत म्हणजे तिच्या मनात काहीतरी असणार, असं म्हणून त्यानं हात लावला नव्हता. तिनं पुन्हा निरोप ठेवला. त्यानं पुन्हा वाट पाहिली. ढीग वाढत गेला आणि सामिसोनी जिथल्या तिथे.

“तुमच्या दोघांच्या मानापानात माझा सामिसोनी उपाशी मरणार,” फाने म्हणाली. “पेटीत पैसे आणि अंगावर चिंध्या.”

असं करत ते गेममधल्या धरणापाशी येऊन अडकले. धरणाच्या पोटात स्वच्छ पाणी होतं आणि त्या पाण्यावर साऱ्या झोपड्यांची आस. पण दार बंद. बंद पडलेलं इंजिन दुरुस्त करा, नाहीतर पहारेकऱ्याला बोलून वळवा, नाहीतर बळानं दार उचला. सामिसोनीला तिन्हीतलं थोडं थोडं येत होतं, पुरतं एकही नव्हतं. साठलेले गुण कुठल्या तरी एकावर घातले असते तर दार उघडलं असतं. दुपारी लेसिएली त्या दारासमोर उभी राही, सकाळी केलेपी. पडद्यावर दोघांनाही तेच दार.

आणि एका सकाळी केलेपीला ताप भरला. फाने बेकरीतून धावत घरी गेली आणि तिथून आत्याकडे आली. रडत नव्हती, पण बोलताना शब्द पुरे होत नव्हते. नर्स येऊन गोळ्या देऊन गेली होती आणि जाताना फानेचा खांदा दाबून गेली होती.

लेसिएलीनं चुलीवरचं पातेलं उतरवलं. त्या दिवशी तिनं निरोप पाठवला की तालमीला जाऊ नकोस, घरीच बस, गेम लाव. ती स्वतः गेली, पण आत गेली नाही. बाहेर ओट्यावर, भिंतीला पाठ लावून बसली. डोक्यावर खिडकीच्या काचपट्ट्या उघड्या. आत, भिंतीच्या त्या बाजूला, केलेपी खुर्चीत. फाने दारात उभी, एक पाय आत, एक बाहेर. ना एक छप्पर, ना एक पडदा. रीत मोडली, असं कुणाला म्हणता आलं नसतं.

“तुझ्या बापाला सांग, साठलेले गुण आज संपवायचे.”

फानेनं सांगायची गरज नव्हती, सगळं ऐकू येत होतं. तरी तिनं सांगितलं.

“ताईला विचार, कशावर घालू?”

“म्हणावं, दार त्याच्यासमोर आहे. माझ्यासमोर रस्ता आहे आणि एक कोंबडी.”

दूर पडवीत मोगरे वाजत होते. बोलून पटवण्यावर घाल, असं सांगावंसं लेसिएलीला वाटत होतं, तिच्या मते तेच बरोबर होतं. तिनं कमरेच्या चटईची कड मुठीत घट्ट धरून ठेवली.

मग बटणाचा आवाज आला. एकदा, पुन्हा, पुन्हा. आणि आत कुठेतरी इंजिन खोकल्यासारखं झालं, दोनदा धडपडलं आणि सुरू झालं. केलेपीनं सारे गुण दुरुस्तीवर घातले होते. तरुणपणी गावातल्या होड्यांची इंजिनं तोच खोलून जोडत असे, हे बहिणीला आठवलं. पाण्याचा लोंढा सुटल्याचा आवाज घरभर झाला आणि त्यावर केलेपीचं हसणं आलं. गाण्यात सगळ्यांच्या खाली लागणारा त्याचा तो खर्जातला आवाज. तो हसताना कसा येतो, हे लेसिएलीनं लहानपणानंतर ऐकलं नव्हतं.

हसणं थांबल्यावर तो म्हणाला, “ताईला सांग.” मग अडखळला. “ताईला सांग, पहिली वाटणी चुकली होती.”

फाने आत्याकडे बघत राहिली. निरोप पोचवायला तिचं तोंड उघडेना.

“चुकलीच होती,” लेसिएली म्हणाली. “आणि सांग त्याला, हे त्यानं तेव्हाच म्हणायला हवं होतं.”

“ताईला असं कसं म्हणायचं?”

“आता म्हटलं तसं.”

लेसिएलीनं डोळे पुसले, पदर नसतो त्या कपड्यांना, तेव्हा तळहातानंच. आणि आवाज जरासुद्धा न बदलता फानेला म्हणाली, “आता पायाचं विचार.”

हा शब्द बहीणभावांमध्ये कधी निघाला नव्हता. फानेनं मान खाली घातली. आतल्या खुर्चीचं लाकूड करकरलं.

“ताईला माहीत होतं?”

“पुष्कळ दिवस.”

“मला वाटलंच होतं,” केलेपी म्हणाला. तो आता फानेला ‘ताईला सांग’ असंही म्हणत नव्हता. “गावात काय लपून राहतं. ताईला कळलंय आणि ती काही म्हणत नाही, म्हणजे मी कापून घ्यावं असं तिला वाटत नसणार. मग मी मेळाव्याचं कारण काढलं.”

लेसिएली भिंतीला टेकून बसली होती ती तशीच राहिली. तिला वाटलं होतं, आपण गप्प राहून त्याचं त्याला ठरवू देतोय. आणि तिचं गप्प राहणंही त्यानं त्या डुकरासारखंच उचललं होतं आणि आणून तिच्या दारात बांधलं होतं. इतके दिवस. दोन बोटं काळी होत असताना.

ती फानेकडे न बघता बोलली. “केलेपी, मी गप्प होते कारण पाय तुझा आहे. माझं हो नाही, आणि नाहीही नाही. तुला काय वाटतं?”

लहानपणानंतर तिनं त्याला समोरासमोर विचारलेली ही पहिली गोष्ट होती, जरी मध्ये भिंत होती.

“भीती वाटते,” तो म्हणाला.

“कापण्याची?”

“त्याची एवढी नाही. मग मेळाव्यात मला मागे खुर्चीवर बसवतील. बसून गाणाऱ्याचा आवाज पोटातून निघत नाही, ताई. सगळे माझ्या आवाजावर उभे असतात.”

बसून गाणाऱ्याचाही देवाला पोचतो, हे तिच्या जिभेवर आलं होतं. खरंही होतं. तिनं ते गिळलं. तिनं म्हटलं असतं तर तो तेवढ्यावर उठला असता.

कोंबडी रस्ता ओलांडून गेली. कुणाची तरी गाडी आली आणि गेली.

“उभा राहून गाण्यासाठी पाय तरी लागेल,” केलेपी शेवटी म्हणाला, जणू स्वतःशीच. “दोन बोटं नसली तरी उभं राहता येतं. फाने, पिकअपवाल्याला थांबव. तालमीला नाही, म्हणावं, इस्पितळात जायचंय. आणि ते यंत्र बंद कर, पाण्याचा नुसता आवाज चाललाय.”

दोन बोटांवर भागलं नाही. डॉक्टरांना शेजारचं तिसरंही काढावं लागलं. लवकर आला असता तर ते वाचलं असतं का, हे कुणी लेसिएलीसमोर बोललं नाही. तिनंच डॉक्टरांना विचारलं, आणि त्यांनी खरं ते सांगितलं की वाचण्याची शक्यता होती. त्या बोटाचं तिनं देवाला रोज सांगितलं, बरेच दिवस, काही न मागता. केलेपी मेळाव्यात गायला. काठी घेऊन उभा राहिला, आणि तिसऱ्या स्तोत्रानंतर स्वतःहूनच बसला. बसल्यावर आवाज पडला का, यावर पडवीत दोन मतं होती.

सामिसोनी अजून आहे. नवा माणूस घ्यायला आता मोकळीक होती, लेसिएलीनं तसं सांगूनही पाठवलं, पण केलेपी म्हणाला की धरण ज्यानं उघडलं त्याला आता कुठे सोडू. तो सगळे गुण दुरुस्तीवरच टाकतो. उंदीर मारता येत नाहीत अजून, पण सामिसोनीनं गावाभोवती चालू इंजिनांचं कुंपण करून टाकलंय. गुण खर्च झाले की मग फाने कुंपणावरून सांगते, कशावर घातले ते. आधी विचारायला येत नाही. बोलण्यावर घालायला हवे होते, असं लेसिएली दरवेळी म्हणते. केलेपी ऐकून घेतो आणि तिथेच सोडून देतो.

नाताळाच्या आधी एका संध्याकाळी ती कुंपणाजवळून जात होती. जुन्या सवयीनं जीभ घसरली, किंवा तिनं घसरू दिली. “फाने, डुक्कर यंदा छान भरलंय गं.”

सकाळी उठल्यावर तिनं दार उघडून आधी खुंटाकडे पाहिलं. खुंट रिकामा होता. चहा होईपर्यंत फाने आली, हातात बेकरीचा गरम पाव.

“बाबा म्हणतात, हो, छान भरलंय. लोपेती बाळाला घेऊन येतोय, बाळाच्या बाप्तिस्म्याला ठेवलंय.”

लेसिएलीनं पाव घेतला, तोडून अर्धा फानेला दिला. मग अंगणात गेली, तो खुंट हलवून हलवून उपटला आणि सरपणात टाकला.